चुन्याचा हौद

धारवाडला आमचं घर बांधायला काढलं ते दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी. मी तेव्हा चौदा वर्षांची. अप्पा वकील. थोरली बहीण, अक्का, विधवा होऊन माहेरी परतली होती. शुभकार्यात तिला पुढं येऊ देत नसत. बांधकामावर मात्र मजुरांना ताक द्यायला तीच जायची, मी तिच्याबरोबर.

बांधायला आणि गिलाव्याला चुनाच लागायचा. चुनखडीचा दगड बागलकोटकडून यायचा आणि रायापूरच्या वाटेवरच्या भट्टीत भाजला जायचा. दगड थराथरांचा. समुद्राच्या तळाशी गाळ साचून तो होतो, असं शाळेत बाई सांगायच्या. बागलकोटला कधीकाळी समुद्र होता हे मला काही केल्या खरं वाटत नसे. भाजल्यावरही तो दिसायला तसाच, फक्त हाताला हलका. पण पाणी पडलं की तडकायचा, फुगायचा, आणि हौदात चुना रटरटायला लागायचा.

त्या दिवशी एक मजूरबाई फावड्यानं चुना ढवळत होती. शिंतोडा उडाला. "कण्णु उरितैत्री!" डोळा जळतोय असं कानडीत ओरडत, तो दाबून ती खाली बसली.

मेस्त्री धावला. "पाणी नको! पाण्यानंच चुना उकळतो. तेल आणा."

अप्पा घुटमळले. "मेस्त्री म्हणतात तसं करू या."

"उकळायचा तो हौदातच उकळून झालाय," अक्का म्हणाली. "आता धुवायलाच हवा."

तिनं बाईचं डोकं मांडीवर घेतलं, बोटांनी पापणी उघडली आणि मला म्हणाली, "ओत. थांबू नकोस." मी विहिरीवरून घागरी आणत राहिले. पदराच्या टोकानं अक्का कण टिपत होती. बाई तिचा हात ओरबाडत होती, पण तिनं सोडलं नाही.

टांग्यातून बाईला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "भरपूर पाणी ओतलं म्हणून डोळा राहिला. कुणी ओतलं?"

"माझ्या थोरल्या मुलीनं," अप्पा म्हणाले.

महिनाभर अक्का त्या बाईच्या झोपडीत औषध घालायला जात होती. त्या डोळ्याला पुढंही धूसरच दिसायचं. बाई कामावर परतली ती विटा वाहायला.

वास्तुशांत झाल्यावर अक्का अप्पांना म्हणाली, "मला नर्सचं काम शिकायचंय. हुबळीला."

आई रडायला लागली. "लोकांना काय तोंड दाखवायचं?"

अप्पा म्हणाले, "त्या दिवशी मी तेलच आणवलं असतं. जा तू."

जूनमध्ये मी आणि अप्पा तिला गाडीत बसवून आलो. आई स्टेशनवर आली नाही.