लग्नपत्रिकेवरचं फुलपाखरू

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते पाटोद्याच्या शाळेतल्या आमच्या विज्ञानाच्या बाईंचे. त्यांच्यामुळेच मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. त्या प्रत्येक गोष्ट हातात देऊन शिकवायच्या. आपणही लेकीला तसंच शिकवावं, असं मला वाटलं.

एका जाड लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला मी अंडं, अळी, कोष आणि फुलपाखरू अशी चित्रं काढली आणि तिचे वेडेवाकडे तुकडे केले. मी आंघोळ करून येईपर्यंत पाच वर्षांच्या लेकीनं ते बिनचूक जुळवून पुन्हा मोडलेही होते, असं बायकोनं सांगितलं. मी इतका फुगलो, की तिची हुशारी दाखवायला थेट सासऱ्यांनाच बोलावून घेतलं.

त्यांच्यासमोर तिनं सगळे तुकडे आधी पालथे केले.

"अगं, उलटे कावून ठेवायलीस?" सासऱ्यांनी विचारलं.

"इकडून गणपती हाय ना, आबा. सोंड जुळली की झालं."

"आन अळीचं पुढं काय होतं?"

"कोणती अळी?"

सासरे माझ्याकडे वळले. "जावईबापू, पोरगी लई हुशार हाय. मास्तर तेवढा बदला."

त्याच आठवड्यात मी बाईंना पत्र लिहिलं:

"बाई, सा. न. माझं कोडं फसलं. पण दारातल्या कढीपत्त्यावर खरी अळी सापडली, ती बरणीत ठेवली आहे. लेक उठल्या उठल्या तिच्याकडे धावते. पुढे काय होणार, ते मी तिला सांगितलेलं नाही. फोन केलात, तर कृपा करून तुम्हीही सांगू नका."