मत अकोल्यात

अकोल्याहून दादाच्या शेजाऱ्यांचा फोन आला, तेव्हा मी अमरावतीत त्याच्यासाठी मागची खोली झाडत होते. "ताई, सर सकाळी उठलेच नाहीत..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. त्याला आता काही आठवडे झाले.

दादा, माझा मोठा भाऊ, अकोल्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचा. लग्न केलं नाही. त्याचा जीव अडकला होता तो त्रिनिदाद नावाच्या दूरच्या बेटावर, इंग्रजांच्या अमदानीत तिथे झालेल्या कायदेमंडळाच्या पहिल्या निवडणुकीत. आम्ही सोयाबीनच्या भावाचं बोलत असायचो आणि हा तिथल्या उसाच्या मळ्यांवर पोचलेला. दर्यापूरच्या मामांनी तर एकदा गंभीरपणे विचारलं होतं, "मंग निकाल कधी लागून राहिला तिथला?" आम्ही हसून बेजार झालो. दादाने मात्र त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. आपल्या देशातून मजुरीला नेलेल्यांची पोरंबाळं तिथे ऊस तोडत होती, पण मत होतं ते मालमत्ता आणि कमाई असलेल्यांना. "बाकीच्यायनं नुसतं पाह्यलं, मामा," तो म्हणाला.

माझे यजमान गेल्यापासून मी त्याच्या मागे लागले होते, की इकडेच ये, एकमेकांच्या सोबतीने राहू. "मत अकोल्यात आहे मायं," हे ठरलेलं उत्तर. नाव इकडे हलवता येतं म्हटलं की चिडायचा. मलाही राग यायचा. बहिणीपेक्षा मतदारयादी मोठी झाली का याला? रोज एकटीपुरता कुकर लावताना हा राग हमखास वर यायचा.

यंदाच्या मतदानाच्या वेळी तो ऑपरेशननंतर माझ्याकडेच होता. बराच सावरला होता, तरी डॉक्टर प्रवास नको म्हणत होते. हा ऐकतो कसला. गाडी करून त्याला अकोल्याला नेलं. शाळेच्या व्हरांड्यात माझ्या खांद्यावर हात टाकून तो रांगेत उभा राहिला. लोक पुढे जा म्हणत होते, तर नको म्हणाला. बाहेर आल्यावर शाई लागलेल्या बोटाकडे बघत म्हणाला, "सुमे, आता टाक मायं नाव तुयाकडे."

"कावून रे, एकदम?"

"मले वाटे, इथलं नाव काढलं का मी कुठलाच नाही राहत... पण तू होती ना रांगेत."

पुस्तकं बांधून दोन दिवसांनी येतो म्हणाला. शेजारी लक्ष ठेवणार होते, म्हणून मी खोली आवरायला पुढे आले. आता घर मला खायला उठतं, दुसरं काय सांगू...

परवा मतदारयादीच्या पडताळणीला एक बाई आल्या. "काकू, घरात मतदार किती?"

"दोन," मी म्हटलं.

त्यांनी मोबाइलवर बोट फिरवलं. "इथं तं एकच नाव दिसून राहिलं."

"दुसरं यायचं होतं," मी म्हटलं.