देवीपुढची बंदूक

आमच्या अप्पांकडे आजोबांपासून चालत आलेली दुनळी बंदूक होती. परवाना अप्पांच्या नावावर आणि वेळच्या वेळी नवा केलेला. गिंडीच्या कारखान्यात जन्मभर लेथवर काम केलेला माणूस. कागदपत्रांत आणि तेलपाण्यात कधी हयगय नाही. तांबरमच्या आमच्या गल्लीत एक घरफोडी झाली, तशी त्यांनी कपाटातली बंदूक काढून भरली आणि मागच्या दाराआड उभी केली. पुढच्या फाटकाला साखळीही घातली.

मी वकील; घरात माझा कायदा चालत नाही, ही गोष्ट वेगळी. "अप्पा, जीवावर बेतलं तरच झाडता येते, तेही गरजेपुरतीच. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातलीत तर आरोपी तुम्ही. आणि भरलेली बंदूक दाराआड ठेवतं का कोणी?"

"मग चोराला काय कॉफी द्यायची?"

"तुमचा चष्मा सापडेपर्यंत तो पिऊनही जाईल," अम्मा म्हणाली.

हसलो सगळे, पण मला खरोखर भीती वाटायची. अप्पांचे हात हल्ली कापत होते आणि पान हललं तरी ते दचकायचे.

नवमीला आयुधपूजा. घरातली सगळी हत्यारं पुसून, गंध-कुंकू लावून देवीपुढे मांडायची आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. या नियमात अप्पा भलतेच कडक. एका वर्षी विळी पूजेत आहे म्हणून त्यांनी आम्हाला अख्ख्या वांग्यांचं सांबार खायला लावलं होतं. यंदा विळी, कातर, माझी कायद्याची पुस्तकं आणि मधोमध बंदूक, काडतुसं काढून शेजारच्या ताटलीत.

दुपारी परसात धप्पकन आवाज झाला. भिंतीवरून कोणीतरी आत उतरलं होतं. अप्पांचा हात थेट बंदुकीकडे गेला.

"नक्को," अम्मा हळूच म्हणाली, "देवीपुढं आहे."

अप्पा चडफडले, पण हात मागे घेतला. मी दाराला कडी घालून खिडकीतून विचारलं, "कोण आहे?"

"मीच," शेजारचे म्हातारे मास्तर तमिळमध्ये म्हणाले. "फाटकाला साखळी, हाका मारून घसा बसला. सुंडल निवतंय."

दर नवरात्रात त्यांच्याकडचं सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, या भिंतीवरूनच यायचं. आम्ही चोराच्या नादात ते साफ विसरलो होतो. मास्तर वाटी देऊन, चार गप्पा मारून गेले. अप्पा मात्र खाली बसले ते बसलेच.

"माझ्या हातून काय झालं असतं गं," ते म्हणाले. मला रडू आलं.

दसऱ्याची पूजा आटोपली आणि अप्पांनी आधी ठाण्यात फोन केला, मग माझ्याबरोबर जाऊन बंदूक आणि काडतुसं जमा केली. परत आल्यावर फाटकाची साखळी काढली.

पुढच्या नवमीला बंदुकीच्या जागी मागच्या दाराचं नवं कुलूप होतं. त्याला गंध लावून अप्पा सुंडलची वाटी घेऊन भिंतीपाशी गेले, मास्तरांना हाक मारली आणि आतून ओ येईपर्यंत तिथून हलले नाहीत.