तेल लावलेलं वाण

नवं भांडं घरात आलं की आधी राखेनं घासायचं, ही आमची रीत. त्या रीतीनं मी रेझिन ओतायचे सिलिकॉनचे साचेही घासले. नारळाची शेंडी घेऊन, चांगले खसाखसा. वर स्वतःवर खूश झाले, त्याची लाज जास्त वाटते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण म्हणून नणंदेनं माझ्याकडून कुंकवाचे करंडे मागवले होते. लग्नानंतरचं तिचं पहिलंच हळदीकुंकू, तेही अकोल्यात, सासरच्या सगळ्या बायांसमोर. "माही वहिनी वाण घरी बनवून राह्यली," असं ती दिसेल त्याला सांगत होती.

करंडे साच्यातून निघाले ते धुरकट. आतून साचा जसा, वरून माल तसा; साच्याला ओरखडे, तर मालाला चकाकी कुठून येणार? बारीक पॉलिशपेपरनं पाण्यात घासायचं, नाहीतर वरून रेझिनचा पातळ हात द्यायचा, असे उपाय होते. पण तो हात सुकायला दिवस लागतो आणि मला सकाळी अमरावतीहून एसटी धरायची होती. मग मी सगळ्यांवर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. असे चकाकले की माझा मलाच हेवा वाटला.

हळदीकुंकवात नणंदेच्या मोठ्या जावेनं करंडा उचलला. तेल बोटांना, त्यावर कुंकू, आणि तेच बोट तिच्या मोतिया साडीला. तिनं बोटाचा वास घेतला.

"काहून वं, याले तेल लावलं काय?"

मी तिथंच तिळगूळ वाटत होते. बोलायला हवं होतं. बोलले नाही.

"म्याच लावलं," नणंद म्हणाली. "कोरडे दिसून राह्यले होते."

"वाणाले कोनी तेल लावते का?" तिची सासू सगळ्यांसमोर म्हणाली. "येवढं समजत नाही तुले?"

नणंद उठली. फडकं आणून एकेक करंडा पुसत बसली. पुसला की धुरकटपणा वर येई, आणि बाया एकमेकींकडे बघत. मी तिळगुळाचा डबा उगाच हलवत राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघताना मी चपला घालत होते, तेवढ्यात ती दारात आली. आता ऐकवेल, असं वाटलं. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

"वहिनी, थांबा. तुमचं वाण राह्यलं."

एका हातात हळदीकुंकू, दुसऱ्या हातात नीट पुसलेला एक करंडा. मी पदर पुढे करून करंडा घेतला. पण कुंकू लावून घ्यायचं तर मान वर करावी लागते. बोट कुंकवात बुडवून ती वाट बघत उभी होती.