सुकलाल गुरुजींच्या फळीवरचे घोडे

सुकलाल गुरुजी आमच्या गावात आले तेव्हा त्यांच्याजवळ एक ट्रंक होती, एक सायकल होती, आणि डोक्यात शंभर युक्त्या. सायकल पहिल्याच महिन्यात बसली. युक्त्या काही बसल्या नाहीत.

गाव तापीकाठचं, घोडेबाजाराच्या यात्रेसाठी नावाजलेल्या सारंगखेड्याला लागून. मी जेमतेम दुसरी शिकलेली, पण माझी लेक गजरा गुरुजींच्या हाताखाली होती, त्यामुळे शाळेतली बातमी मला चुलीपाशीच कळायची.

कापसाची वेचणी लागली की शाळा ओस पडायची. महाराष्ट्र राज्य झालं त्या साली तालुक्याच्या साहेबांनी गुरुजींना बजावलं, "यात्रेच्या सुमारास येईन. अशीच रिकामी दिसली तर शाळा बंद." गुरुजींची झोपच उडाली. मग त्यांनी नदीची चिकणमाती आणून पोरांकडून एकेक घोडा करून घेतला आणि भिंतीला लांब फळी ठोकली. फळीचं एक टोक आपलं गाव, दुसरं सारंगखेड्याची यात्रा. शाळेत यायचं, धडा म्हणायचा, की घोडा वीतभर पुढं. यात्रेत पोचला की लाल गोंडा. गोंडे गुरुजींच्या बायकोच्या लुगड्याचे. तिला विचारलं होतं की नाही, देव जाणे. नमुना म्हणून गुरुजींनीही एक घोडा केला होता, त्याला सगळे बकरीच समजायचे.

पोरं धावत येऊ लागली. पण हुशार पोरांचे घोडे लवकर पोचले, गोंडे मिळाले, आणि ती घरी बसली. मागे पडलेली म्हणाली, आता कोण गाठतंय! तीही वेचणीला गेली. गुरुजी आमच्या ओट्यावर डोकं धरून बसले.

"गजरा, तू का येत नाहीस गं?"

"मन्हा घोडा पोहची ग्या ना गुरुजी. आते शाळामा काय काम शे?"

"असं कसं?"

"आनि यात्रामा घोडा नुसता उभा करतस का? इकतस!"

गुरुजी भरला चहा तसाच ठेवून पळाले.

दुसऱ्या दिवशी गोंड्याचा नियम बदलला. पोचलेला घोडा विकायचा, तेव्हाच गोंडा. भाव यात्रेतल्यासारखा, उपरण्याखाली बोटं दाबून. जितकी बोटं, तितके पाढे घेणाऱ्यानं म्हणायचे. अडखळला तर सौदा मोडला. मग काय, नव्या गोंड्यापायी गजरा मागे पडलेल्यांतल्या दोधूला शेतात गाठून पाढे घोकून घ्यायला लागली! घेतलेला घोडा घरी न्यायचा, म्हणजे फळीच्या पहिल्या टोकाला. विकणाऱ्यानं नवं शिंगरू करून पुन्हा निघायचं. पोचून घरी बसायची सोयच राहिली नाही.

साहेब आले तेव्हा शाळा गच्च भरलेली आणि जोडीजोडीनं सगळ्यांचे हात उपरण्याखाली.

"गुरुजी, हा जुगार आहे का?"

गुरुजींच्या आधी गजराच उठली. "साहेब, घोडा लेवाना शे का? मंग हात द्या."

साहेबांनी हसत हात दिला. पण बोट दाबलं गेलं आणि गडी बदलला. शेतकऱ्याचाच मुलगा तो! टोपी मागे सारून घासाघीस करत बसला. पाचावरून तीन बोटांवर सौदा ठरला. साहेबांनी तीन पाढे खड्या आवाजात म्हटले, पोरं चूक काढायला टपलेली. घोडा साहेबांचा झाला. गजरानं तो फळीच्या पहिल्या टोकाला नेऊन ठेवला.

"आते रोज यीसन पुढे सरकावना पडी."

"मला रोज कसं जमेल गं?"

"मंग राहू द्या आठेच. पन शाळा बंद करी तं तुमना घोडाले चारा कोन टाकी?"

साहेब खो खो हसले आणि गुरुजींना म्हणाले, "चालू द्या."

शाळा राहिली. साहेबांचा घोडा मात्र वर्षभर तसूभर हलला नाही. नवं पोर दाखल झालं की दोधू त्याला आधी तोच दाखवायचा, "दांड्या मारनारनं असं व्हस."