नानांच्या खाचरातली हॉकी

चार माणसं तीस वर्षं हॉकीच्या मागे हिंडली की किस्से आपोआप साठतात. ते आठवून ठेवावे लागत नाहीत. "आम्ही हॉकी खेळतो," एवढं म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "अजून?" झाला एक किस्सा!

मी दिलीप. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होतो, आता रिटायर होऊन जवळच्याच वरसे गावात राहतो. सलीम आमचा गोली, खाडीकडचा. अर्धी नोकरी त्याने कुवेतला केली, पण सुट्टी मागायचा ती हॉकीच्या सीझनला. बबनचा पेणच्या रामवाडीत गणपतीचा कारखाना. बाकीचे गडी कंपनीतले, गावातले, येऊन जाऊन. आणि चौथे नाना. नानांनी आयुष्यात स्टिक धरली नाही, पण मैदान त्यांचं!

मैदान म्हणजे गागोद्याच्या बाजूला, बबनच्या आजोळी, नानांचं एक लांबरुंद भातखाचर. आमच्याकडे भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरतात. जमीन रिकामी कोण ठेवतो? पहिल्या वर्षी आम्ही हात जोडून गेलो. म्हटलं, कापणी ते पेरणी, मधले पंधरा दिवस खेळू द्या.

नानांनी तंबाखू थुंकली. "पंधरा दिवस कशाला? होळीपर्यंत खेला. या खाचरात वाल येत नाय. पाणी धरतंय."

आम्ही खूश! आजूबाजूला सगळा हिरवागार वाल आणि मधोमध आमचं धसकटांचं स्टेडियम. चेंडू कुठून कुठे उडेल याचा भरवसा नाही. सलीम म्हणायचा, "बिचारा नाना! एवढी जमीन फुकट गेली, पण आपलं नशीब उघडलं."

*

हॉकी राष्ट्रीय खेळ आहे असं इथे कोणीही छातीठोक सांगेल. स्टिक मात्र हाणामारीलाच लागते, अशी सगळ्यांची समजूत. एसटीत आम्ही स्टिका घेऊन चढलो की लोक न सांगता सरकून जागा देत. एकदा मी आणि सलीम पेणच्या एका दुकानात स्टिक घ्यायला गेलो. दुकानदाराने आधी बाहेर डोकावून बघितलं, मग हळूच विचारलं, "काय भानगड झाली?"

"गोल वाचवायचेत," सलीम म्हणाला.

दुकानदार गंभीर झाला. "कुठल्या गावचे?"

*

एकदा चेंडू लागून माझा डावा हात मोडला. बबन म्हणाला, "डॉक्टर कशाला? माझ्याकडे पोत्यानं प्लास्टर पडलंय!" आणि मला थेट कारखान्यात नेलं. फडका गुंडाळला, काथ्या लावला, वर प्लास्टर. इथपर्यंत ठीक होतं. पण बबनच्या हातांना सवय वेगळी. त्याला राहवेना. बोटं कोरली, नखं काढली, तळहातावर रेषा ओढल्या, मनगटावर कडंसुद्धा घातलं!

दुसऱ्या दिवशी दुखायला लागलं म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात उलटा केला, सुलटा केला, चष्मा काढून पुसला.

"हाडाचं नंतर बघू," म्हणाले. "आधी सांगा, यात मोदक कधी ठेवणार?"

*

अंपायर व्हायला आमच्यात कोणी तयार नसे, कारण शिव्या खायला लागत. शेवटी नानांना बसवलं. त्यांना एकही नियम माहीत नव्हता. बांधावर उकिडवे बसायचे आणि शिट्टीऐवजी बैलाला थांबवतात तसं "हो, हो, हो!" ओरडायचे. सगळे जागच्या जागी थांबायचे. मग नाना विचारायचे, "हरतंय कोन?"

"आम्ही!"

"मग फटका तुमचा."

त्या खाचरात एकही मॅच निकाली लागली नाही! सात-सात, नऊ-नऊ. कंपनीतला एक नवा इंजिनीअर कॉलेजात खेळून आलेला होता. तो चिडला, "नाना, हा अन्याय आहे!"

नाना म्हणाले, "आसंल. पन माज्या बांधावरनं कोनी तोंड पाडून घरी जायाचं नाय."

इंजिनीअर पुढच्या रविवारी डबा घेऊन आला. नानांसाठी.

*

नानांची बायको, आमच्या काकू, पाण्याची कळशी घेऊन यायच्या आणि थोडा वेळ बघत उभ्या राहायच्या. हॉकीत सगळं कमरेत वाकून. एके दिवशी म्हणाल्या, "काय रं, एवढं तासन्‌तास वाकताव, तर लावनीला या की! सवय हायच तुमाला."

आम्हाला वाटलं चेष्टा. आषाढात निरोप आला! गेलो. तेव्हापासून दरवर्षी एक दिवस लावणीचा ठरला. चिखलात उभं राहिलं की कळतं, धसकटावर पळणं किती सोपं आहे ते. सलीम सुट्टीवर असला की त्याची रांग कायम वाकडी. काकू लांबून दाखवायच्या, "ती बघा गोलीची रांग, वलखू येते!"

लोक मला विचारतात, हॉकीनं तुला काय दिलं? मला पहिली तीच वाकडी रांग आठवते. कप नाही, मेडल नाही, पेपरात फोटो नाही. पण भात कुठल्या गावात लावायचं हे ठरलेलं होतं. रिटायर झाल्यावर अशा गोष्टींची फार आठवण येते, खोटं कशाला बोलू?

*

आपल्याला इतक्या वर्षांनी ऑलिंपिकचं ब्राँझ मिळालं ती मॅच सकाळची होती आणि माझी फर्स्ट शिफ्ट! प्लांटमध्ये मोबाइल बंद. गेटवरचा वॉचमन आमच्यातलाच, राइट विंगला खेळायचा. त्याच्या केबिनमध्ये छोटा टीव्ही. गेटजवळ सेफ्टीचा बोर्ड होता, त्यावर खडूने रोज लिहायचं, शेवटचा अपघात होऊन किती दिवस झाले. माझ्या खिडकीतून तो बोर्ड दिसायचा. पठ्ठ्याने चारशे बारा पुसलं आणि स्कोअर लिहायला लागला.

शेवटी बोर्डावर आलं पाच, खाली चार. मी व्हॉल्व्हपाशी एकटाच नाचलो!

तेवढ्यात सेफ्टी ऑफिसरची गाडी गेटवर आली. बोर्ड बघून माणूस पांढराफटक पडला. "काल चारशे बारा होते, आज पाच कसे? कोणाला लागलं?"

वॉचमनने कडक सॅल्यूट ठोकला. "जर्मनीला, साहेब!"

*

गेल्या पावसात नाना गेले.

त्या वर्षी आम्ही स्टिका काढल्याच नाहीत. मन होईना. जानेवारीत मात्र सलीम कुवेतहून कायमचा परत आला आणि म्हणाला, "काकूंना भेटून येऊ. पुढच्या वर्षीचं विचारू." भीती तिघांनाही होती. हे खाचर गेलं की आमची हॉकी संपली. साठीच्या म्हाताऱ्यांना खेळायला दुसरं कोण जागा देणार? रस्ताभर आम्ही काय बोलायचं त्याची तयारी केली. विचारणार बबन, कारण आजोळ त्याचं.

वळण संपलं आणि खाचर समोर आलं. गुडघ्याच्या वर वाल! शेंगांनी नुसता लवलेला. आजूबाजूच्या कुठल्याच खाचरात एवढा दाट नव्हता.

आम्ही तिघे बांधावर उभे. बबन खाली बसला, एक शेंग सोलली आणि टपोरे दाणे तळहातावर घेऊन बघत राहिला.

"दिल्या," सलीम हळूच म्हणाला, "नाना काय सांगायचे रे आपल्याला?"

मी डोक्यात हिशोब करायला लागलो, तीस वर्षांच्या वालाचा, आणि सोडून दिला. डोळे भरून आले होते.

काकू आमच्याआधीपासून तिथेच होत्या, शेंगा खुडत. "आलात? बांधावर काय उभे? मडकं हाय ना घरी? शेंगा भाजून पोपटी लावा." असं म्हणून त्यांनी गोणी तोंडापर्यंत भरली आणि सलीमच्या खांद्यावर दिली.

आता कुठल्या तोंडाने विचारणार? बबन माझ्याकडे बघतोय, मी सलीमकडे. नानांचा विषय निघाला, बांधावरच किटलीतला चहा झाला. शेवटी मीच म्हटलं, "येतो, काकू."

बांधाच्या टोकापर्यंत पोचलो असू. मागून हाक आली. काकू वालाच्या मधोमध उभ्या होत्या, ओटीत शेंगा.

"आरं ए गोली! पुढल्या साली गोलचे बांबू येलेवर आना! या खाचरात वाल येत नाय."