आठव्या महिन्यातली

आमच्या घरात खोटं बोलायची कुणालाच सवय नव्हती, म्हणून त्या महिन्यात ते सगळ्यांना फारच वाईट जमलं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझी लेक आठव्या महिन्यातच जन्मली आणि जन्मल्या जन्मल्या दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत गेली. आता आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही. का, ते कुणाला विचारू नये. त्यामुळे सासूबाईंनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की बाळ सातव्यातलं आहे. डॉक्टरांनासुद्धा त्यांनी तसंच ठणकावून सांगितलं.

"आजी, कागदावर आठवा आहे," डॉक्टर म्हणाले.

"कागदाला काय कळतंय!"

मी घरी आले, बाळ तिकडेच राहिलं. मग सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत माणसांची रीघ लागली. नणंदेने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. अंबडच्या कारखान्यातल्या मित्रांनी न सांगताच नवऱ्याच्या रात्रपाळ्या आपसांत वाटून घेतल्या. सासूबाई उकळून घेतलेल्या छोट्या डब्यात माझं दूध घेऊन दिवसातून दोनदा रिक्षाने दवाखान्यात जायच्या. नळीने बाळाच्या पोटात जायचं ते दूध. या सगळ्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण येणारा प्रत्येक जण उंबऱ्यात सासूबाईंशी कुजबुजायचा आणि आत येऊन मला म्हणायचा, "सातव्यातलं ना? मग काही काळजी नको!"

अरे, नऊ महिन्यांचा हिशेब मला शिकवता? पोट माझं होतं!

त्यांच्या त्या गोड बोलण्याने मला एकच कळलं, की खरं बोलायची कुणाची छाती होत नाही, म्हणजे माझं बाळ जाणार. मी दवाखान्यात जायचं टाळू लागले. टाके दुखतात म्हणायचे. खरं तर मला भीती वाटत होती. जे राहणारच नाही त्याच्यावर जीव लावायचा कशाला, असं मनात यायचं आणि मग स्वतःचीच किळस यायची. हळूहळू दूधही आटायला लागलं. डब्याचा तळ जेमतेम झाकेल एवढंच यायचं. सासूबाई तो डबा उजेडात धरून बघायच्या आणि झाकण लावायच्या.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई सुरगाण्याकडच्या. चार दिवस गावी जाऊन त्या परतल्या, त्या नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ फडक्यात बांधूनच. सासूबाईंनी त्यांनाही दारात पढवलं असणार. पण त्या आत येऊन जमिनीवर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "आठव्याचं हाय ना, ताई?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला.

"माझी थोरली बी आठव्याचीच. सगळे म्हनले, नाय जगायची. आता दोन लेकरांची आई हाय ती, जेवाया बसली का भाकऱ्या पुरत नाय. ही नागली खा, अन्‌ जाऊन पोरीला बघा. ती वाट बघती."

मी ढसाढसा रडले. मग अर्थातच चिडले, आणि हाताशी सापडल्या त्या सासूबाई. "मला का फसवत होता तुम्ही सगळे?"

त्या दाराला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुला नाही गं फसवत होते. माझं पहिलं आठव्यात झालं होतं. तिसऱ्या दिवशी गेलं."

लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि हे मला ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं.

नागलीची पेज पिऊन त्याच दुपारी आम्ही दोघी रिक्षाने निघालो. पेटीच्या भोकातून मी हात आत घातला आणि बोट तिच्या पाठीवर ठेवलं. तेवढ्यात ती शिंकली. "शतंजीव!" सासूबाई इतक्या मोठ्याने म्हणाल्या, की नर्सबाईंनी दोघींना दटावलं. मी मात्र हलले नाही. त्या दिवसापासून रोज जायला लागले. दूध चार दिवसांनी वाढलं. नागलीने की कशाने, ते डॉक्टरांनी खुशाल ठरवावं.

लेक दहा वर्षांची झाली, तेव्हा शेजारणीची मुलगी आठव्यातच बाळंत झाली; बाळ दवाखान्यात पेटीत, ती आईकडे घरी. भेटायला गेले तर दारातच शेजारणीने माझा हात धरला. "सातवा म्हणा हं," ती कुजबुजली. आत ती मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशाशी बाळासाठी दूध काढायचा डबा रिकामाच होता. मी लेकीला पुढे केलं.

"सांग, तू कितव्या महिन्यातली?"

"आठव्या," ती शाळेत उत्तर द्यावं तशी म्हणाली, आणि समोरच्या ताटलीतला लाडू उचलला.

त्या मुलीने कूस बदलली, लाडू खाणाऱ्या माझ्या लेकीकडे बघत राहिली आणि आईला म्हणाली, "तो डबा दे इकडे."